घरचा रेट

आमच्या फाट्यावर दोन दुकानं समोरासमोर आहेत. पलीकडे शिवहारअप्पाचं किराणा दुकान, आणि रस्त्याच्या अलीकडे माझं. माझं म्हणजे एक शिलाई मशीन, एक आरसा आणि बसायला एक पायरी. मी संगिता. ब्लाउज शिवते, परकर शिवते, आणि मान वर केली की अप्पाच्या गल्ल्यापर्यंत सगळं दिसतं. त्यामुळे सिंधूबाईची गोष्ट मला कुणी सांगावी लागली नाही. ती माझ्या डोळ्यांदेखत घडली, आणि आजही आठवली की माझं डोकं फिरतं.

सिंधूबाई म्हणजे काय चीज आहे ते आधी ऐका. पन्नाशी ओलांडलेली, शेलाटी, पदर कायम कमरेला खोचलेला. घरी शेळ्या, हळदीच्या दिवसांत दुसऱ्याच्या रानात मजुरी, आणि एरवी रोजगार हमीचं काम. शेळ्यांना तिनं सासरच्या माणसांची नावं दिली आहेत. सगळ्यात हट्टी शेळीचं नाव जाऊबाई. सकाळी रस्त्यावरून "जाऊबाई, ट्रकखाली जायचंय का तुला?" असा आवाज आला की समजावं, सिंधूबाई शेळ्या घेऊन निघाली. नवरा संपतराव गरीब माणूस. घरातलं बोलायचं काम त्यानं लग्न झाल्याबरोबर हिच्यावर सोपवून टाकलं.

आणि घासाघीस! हिंगोलीच्या बाजारात शेळ्यांचे व्यापारी रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात. हे पुरुषांचं काम, पण सिंधूबाई बिनदिक्कत रुमालाखाली हात घालते आणि समोरच्याला घाम फुटेपर्यंत बोट सोडत नाही. माझ्याकडे ब्लाउज टाकला तरी शिलाई पाडून घेतल्याशिवाय पायरी उतरत नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "मावशी, धागा तरी माझ्या पैशाचा असतो हो." तर म्हणते, "मग काय, सुई बी तुझीच हाय की."

ही बाई फक्त एका ठिकाणी भाव विचारायची नाही. अप्पाच्या दुकानात.

त्याला कारण होतं. सिंधूबाईला सख्खा भाऊ नाही. लग्न होऊन या गावात आली तेव्हा पहिल्या भाऊबीजेला अंगणात उभी राहून तिनं चंद्राला ओवाळलं होतं. ज्या बाईला भाऊ नाही ती असंच करते. अप्पा तेव्हा नुकताच दुकान टाकून बसलेला तरणा माणूस. पुढच्या वर्षी तो तिथून चालला होता, त्यानं ते पाहिलं आणि म्हणाला, "चंद्राला काहून ओवाळतीस? मी हाय ना." तेव्हापासून तिचं तबक अप्पाच्या घरी जायला लागलं. दर भाऊबीजेला अप्पा तिला चोळीचा खण द्यायचा, आणि माझं दुकान झाल्यापासून तो खण शिवायला माझ्याकडे यायचा. त्या एका ब्लाउजची शिलाई मात्र ती कधी पाडायची नाही. "अप्पाच्या खणाला कात्री जपून लाव," एवढंच सांगायची.

दुकानात ती आली की अप्पा मोठ्यानं म्हणायचा, "सिंधू, तुला घरचा रेट बरं का." हिची मान ताठ व्हायची. पुडी उचलायची, तो मागेल तेवढे पैसे गल्ल्यावर ठेवायची आणि निघायची. उधारी तिनं कधी केली नाही. माहेरच्या दारात उधारी ठेवत नाहीत, असं तिचं म्हणणं. अप्पानंही हे नातं नुसतं तोंडानं चालवलं नाही. संपतराव आजारी पडला तेव्हा अप्पानंच गाडी काढून त्याला हिंगोलीला नेलं आणि दवाखान्यात रात्रभर बसला. हे मी पाहिलं आहे. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

अप्पाच्या दुकानाला आणखी एक मान होता. महिन्यातून एकदा हिंगोलीहून रविंद्र नावाचा एक तरुण साहेब मोटरसायकलवर यायचा. महागाई मोजायला सरकार गावोगावचे भाव टिपून नेतं, त्यातला हा. हातात टॅब. दर महिन्याला त्याच दुकानातून त्याच वस्तूंचे भाव विचारायचा. तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, साबण. अप्पा त्याला खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा, आणि साहेब गेल्यावर जो येईल त्याला ऐकवायचा, "आपल्या दुकानाचा रेट दिल्लीला जातो!" जसं काही दिल्लीवाले अप्पाच्या डाळीसाठी जेवायचे थांबले होते.

सिंधूबाईला सरकारी आकड्यांचा फार राग. त्यालाही कारण होतं. तिची पोरगी अंजली अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. परीक्षा देते, जागा निघायची वाट बघते, आणि तोवर घरीच आहे. मागे कामधंद्याची पाहणी करणारी माणसं गावात आली होती. त्यांनी अंजलीला विचारलं, "गेल्या आठवड्यात काही काम केलंत?" अंजली खोटं बोलणारी नाही. म्हणाली, "घरच्या शेळ्या चारल्या." झालं. घरच्या धंद्यात मदत केली, आठवड्यातून तासभर का होईना, म्हणजे पोरगी कामाला आहे. बेरोजगारात तिची गणतीच नाही. अंजलीनं हा नियम पुस्तकात वाचलेला होता, तरी तो स्वतःच्या अंगावर आला तेव्हा माझ्या पायरीवर बसून हसत होती. ते हसणं काही बरं नव्हतं.

"म्हंजे माझी जाऊबाई हिला नोकरीला ठेवून राहिली?" सिंधूबाई म्हणाली. "पगार कधी देती म्हणावं ती!"

त्यात एक दिवस अंजलीच्या मोबाइलवर बातमी आली की महागाई कमी झाली. सिंधूबाईनं ती ऐकली आणि उसळलीच.

"कुणाच्या घरची कमी झाली? मी आज डाळ आनली, एकशे पन्नासच्या रेटानं. मागच्या महिन्यात बी तीच. तेल तर हात लावू देत न्हाई. लबाड मेले!"

अंजलीनं आईला समजावलं. कमी झाली म्हणजे भाव उतरले असं नाही, वाढायचा वेग कमी झाला. पण सिंधूबाईच्या डोक्यात ते शिरेना. मग अंजली म्हणाली, "आई, हे आकडे कुणी हवेत लिहीत नाही. दुकानादुकानातून गोळा करतात. आपल्या अप्पामामाकडे तो साहेब येतो ना, तो त्याच कामाचा आहे. आणि शेतमजुरांना महागाई किती लागली त्याच्या आकड्यावरूनच रोजगार हमीची मजुरी वाढते. या वर्षी एका चहाएवढी वाढली ना? ती त्याच्यावरूनच."

सिंधूबाई म्हणाली, "असं हाय तर अप्पाच्या दुकानातून तरी खरं जात असंल."

पुढच्या वेळी साहेब आला तेव्हा ती मुद्दाम अप्पाच्या दुकानात जाऊन उभी राहिली. मी समोर काजं करत बसले होते. साहेबानं विचारलं, तूरडाळ? अप्पा म्हणाला, एकशे तीस. सिंधूबाईच्या हातात त्याच डाळीची पुडी होती. तिनं अप्पाकडे पाहिलं. अप्पानं तिच्याकडे पाहिलं नाही. साहेब सहज तिला म्हणाला, "बरोबर ना मावशी?"

आणि सिंधूबाईनं मान डोलावली. "व्हय. अप्पा कुनाकडून जादा घेत न्हाईत."

साहेब गेल्यावर ती अप्पाशी हळू आवाजात काहीतरी बोलली आणि माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "अप्पानं सरकारला कमी रेट सांगितला गं. मी विचारलं, काहून? तर म्हनले, सरकारला सांगायचा रेट येगळा असतो बाई, उगं चौकशी मागं लागती."

मला पटलं. खरंच सांगते, मलाही पटलं. दुकानदार सरकारी माणसाला घाबरणारच. अंजली मात्र भडकली. "आणि तू मान डोलावलीस? असे किती अप्पा असतील देशात? सगळ्यांनी भीतीनं कमी सांगितलं तर तुमच्या मजुरीचं काय होणार?"

"अंजे, तो तुझा मामा हाय."

"मामा असला म्हणून काय झालं?"

एका दुकानानं देशाचा आकडा हलत नाही, एवढं मलाही कळतं. पण सिंधूबाईला ते सांगून उपयोग नव्हता. आपण मान डोलावली हे तिच्या जिवाला लागलं होतं. तिच्याबरोबर खुरपायला जाणाऱ्या बायांच्या तोंडातला घास आपण काढला, असं तिला वाटायला लागलं. एकीकडे त्या बाया, आणि दुसरीकडे आयुष्यात मिळालेला एकच भाऊ. त्या महिन्यात तिनं जाऊबाईलाही शिव्या दिल्या नाहीत. शेवटी तिनं अप्पाला गाठलं आणि हात जोडून म्हणाली, "अप्पा, पुढच्या बारीला खरा रेट सांगा. तुमाला कुनी काई म्हनलं तर मी उभी राहीन." अप्पा म्हणाला, "बरं बरं. सांगतो. एवढं काय त्यात."

साहेब पुन्हा आला. या वेळी दुकानात सिंधूबाईबरोबर खुरपायला जाणारी कमलबाई होती, आणखी दोघीतिघी होत्या, आणि मी बटणांचं निमित्त काढून गेले होते. सिंधूबाई खांबाला टेकून उभी होती.

"तूरडाळ?"

"एकशे तीस," अप्पा म्हणाला. तोच आकडा, तशाच आवाजात.

सिंधूबाई पुढे आली. "साहेब, ह्यो रेट खोटा हाय. मागच्या बारीला मी व्हय म्हनले, ते बी खोटं. खरा एकशे पन्नास हाय. अप्पाचा काई दोष न्हाई, ते भितात. तुमी त्यांना काई करू नका. पन खरं लिहा. आमची मजुरी त्याच्यावर हाय."

साहेबाचं बोट टॅबवर थांबलं. अप्पा घाईघाईनं म्हणाला, "घरची बाई हाय साहेब. तिला रेटमधलं काई कळत न्हाई. तुमी लिहा."

पण साहेब कामाला चोख निघाला. त्यानं कमलबाईला विचारलं, "तुम्ही डाळ कशी घेतली?"

कमलबाई म्हणाली, "एकशे तीसनं. परवाच नेली की."

"किती घेतली होती?"

"पाव किलो. आमी काय पोतं घेनार हाव का?"

दुसरी म्हणाली, एकशे तीस. तिसरी म्हणाली, तोच रेट. मग साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मीही एकशे तीसच दिले होते, आणि त्या क्षणापर्यंत हे दोन आकडे मी एकमेकांशेजारी ठेवून पाहिलेच नव्हते. सिंधूबाई महाग म्हणते तर ती नेहमीची तिची तणतण, एवढंच समजत आले होते. मी म्हणाले, "एकशे तीस."

"मग मावशी, तुम्ही कुठून घेता?" साहेबानं विचारलं.

"हितूनच."

"हीच डाळ? उधारीवर?"

"हीच. रोख."

आकडा खरा होता. सरकारला सांगितलेला, दिल्लीला जाणारा, सगळ्या गावाचा रेट खरा होता. त्याच्याबाहेर होती फक्त सिंधूबाई. आणि महिनाभर ती ज्याच्या भित्रेपणाची लाज झाकत होती, तो भित्रा नव्हताच. बहिणीला लुबाडतो हे उघडं पडू नये म्हणून त्यानं आपण सरकारशी खोटं बोलतो अशी थाप मारली होती! चोरी लपवायला माणसानं दुसरी चोरी कबूल करावी, आणि तीही न केलेली. असला डोकेबाज माणूस आमच्या फाट्यावर किराणा विकत बसला होता.

सिंधूबाईनं हळूच विचारलं, "तेल बी? साखर बी?"

अप्पा पोत्यांची तोंडं सारखी करत होता.

"काहून अप्पा?"

अप्पानं मान वर केली नाही. म्हणाला, "तू कधी विचारलंच न्हाईस, सिंधू."

मला वाटलं, ही आता याच्या तराजूचं पारडं उचलून याच्या डोक्यात घालणार. मी तरी घातलं असतं. तिनं नुसता पदर सारखा केला. साहेब बिचारा ओशाळला होता. टॅब बंद करता करता म्हणाला, "मावशी, बहुतेक गिऱ्हाईक जो भाव देतं तोच मला लिहावा लागतो. तुमच्या एकट्या घराचा भाव ह्यात मावत नाही."

"मावायचा न्हाई," सिंधूबाई म्हणाली. "तो घरचा रेट हाय."

ती येऊन माझ्या पायरीवर बसली. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं. म्हणाली, "संगिता, जगाशी मी भांडून घेतलं. व्यापाऱ्याची बोटं पिरगाळली. तुझी शिलाई पाडली. एका दारात म्हनलं, हितं नगं. हितं आपलं मानूस हाय." मग अंगातल्या ब्लाउजाची बाही तिनं चिमटीत धरली. तो अप्पाच्याच खणाचा होता, मीच शिवलेला. "म्हंजे ही चोळी बी माझ्याच पैशाची."

अंजली भांडायला निघाली होती. आईनं तिला दारातूनच मागं फिरवलं. गावात बोभाटा झाला, दोन दिवस लोक अप्पाला नावं ठेवत होते आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच डाळ घेत होते. दुसरं दुकान कुठे आहे इथे? सिंधूबाई मात्र गेली नाही. ती नरसीहून सामान आणायला लागली, बसचं तिकीट काढून. म्हणजे महागच पडत असणार. पण ते मी तिला बोलले नाही.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या दुपारी अप्पाच्या दारात रांगोळी काढलेली होती. दुकानामागेच त्याचं घर आहे, मधलं दार उघडं होतं, त्यातून मांडलेला पाट दिसत होता. अप्पा नवी टोपी घालून गल्ल्यावर बसला होता आणि सारखा रस्त्याकडे बघत होता. गल्ल्याच्या कोपऱ्यावर खण ठेवलेला होता. हिरवा, जरीकाठी. या वर्षी भारीतला घेतला होता, मी कापडातली आहे, मला लांबूनही कळलं.

सिंधूबाई आली. हातात तबक नव्हतं, पिशवी होती.

अप्पा उठून उभा राहिला. "ये सिंधू. आत ये. पाट मांडलाय."

ती रस्त्याच्या बाजूलाच उभी राहिली, बाकी गिऱ्हाईकं उभी राहतात तिथे. "डाळ कशी दिली?"

"असं काय विचारून राहिलीस?"

"कशी दिली?"

अप्पा चाचरला. "एकशे तीस."

"सव्वाशेनं द्या."

"घे."

"एकशे वीस."

"घे ना बाई. तुला काय..."

"शंभर."

"सिंधू, फुकट ने. सगळं पोतं ने." अप्पाचे डोळे भरून आले होते. ते पाणी खरं होतं की खोटं, देव जाणे. मला त्याची कीव आली नाही.

सिंधूबाई म्हणाली, "कुठं तरी थांबा की अप्पा. अशी घासाघीस असती का? धंदा करून राहिले ना तुमी?" मग तिनं पाव किलो डाळ मोजून घेतली, एकशे तीसच्या हिशेबानं पैसे गल्ल्यावर ठेवले आणि सुटे परत मागितले. अप्पानं सुट्यांबरोबर खण पुढे सरकवला. तिनं सुटे तेवढे उचलले.

संध्याकाळी मला राहवेना म्हणून तिच्या घरी गेले. बीजेची कोर लवकर मावळते, म्हणून ती घाईत होती. अंगणात अंजली तबक धरून उभी, निरांजन वाऱ्यानं विझू नये म्हणून आडवा हात धरलेला. संपतराव खाटेवर नुसता बघत होता. लिंबाच्या शेंड्याच्या बाजूला बारीकशी कोर दिसत होती, नखाएवढी. सिंधूबाईनं पदर डोक्यावर घेतला, तबक हातात घेतलं आणि चंद्राला ओवाळलं.

"लई वर्सं आले न्हाई बग," ती त्याला म्हणाली. "दुसरा मिळाला होता."

मग तिनं अक्षता वर टाकल्या, तबक अंजलीच्या हातात दिलं आणि शेळ्या बांधायला गेली.